हौसेने लिहिणाऱ्यांचा गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, घर, अभ्यास सांभाळून पाच-सात जणांनी ठरवून एकत्र लिहायचं, एकमेकांचं ऐकायचं आणि एकमेकांना लिहितं ठेवायचं, एवढ्यासाठी जमणाऱ्या गटांकरता हे पान आहे. गट सुरू करताना आणि पुढे तो टिकवताना हमखास येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. त्यातला दाद देण्याविषयीचा भाग सगळ्यात लांब आहे, कारण बहुतेक गट तिथेच तरतात किंवा तिथेच बुडतात.

छापून यायचं नाही, पैसे मिळवायचे नाहीत, मग लिहायचं कशासाठी?

रोज संध्याकाळी घरी पेटी वाजवणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुमचा कार्यक्रम कधी आहे. भजनी मंडळ, गल्लीतलं क्रिकेट, दारातली रांगोळी, सगळीकडे हौस आपल्याला मान्य असते. लिहिणाऱ्याला मात्र दुसऱ्याच वाक्याला ‘पुस्तक कधी?’ असं विचारलं जातं. गटात हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. खूप दिवस मनात घोळणाऱ्या गोष्टीला नेमका शब्द सापडतो तेव्हा होणारा आनंद पुरेसा आहे, आणि तो जिवलग माणसांना वाचून दाखवता आला तर आणखी काय हवं?

मराठीत याचं सुंदर उदाहरण आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं, ते रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता वाचून दाखवणाऱ्या मित्रांचं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे ही त्यातली काही नावं. त्यांचे संग्रह निघाले, जाहीर काव्यवाचनाला त्यांनी गर्दी खेचली, ते सगळं पुढचं. आधी चहा होता आणि ऐकणारे कान होते.

गटात किती जण असावेत?

पाच ते आठ. चारच्या खाली गेलात की एकाला ताप आला, एकाकडे पाहुणे आले की बैठक रद्द होते, आणि सलग तीन बैठका रद्द झालेला गट सहसा परत उभा राहत नाही. आठच्या वर गेलात की प्रत्येकाची पाळी येईपर्यंत ऐकणारे थकतात आणि शेवटी वाचणाऱ्याच्या वाट्याला जांभया येतात. जास्त माणसं उत्सुक असतील तर सरळ दोन गट करा आणि तीन महिन्यांतून एकदा एकत्र जमा.

सगळे एकाच तऱ्हेचं लिहिणारे नसले तरी चालतं. कविता, कथा, ललित, पाककृतींमागच्या आठवणी, प्रवासवर्णन, सगळं एकत्र नांदू शकतं. अनुभवात फार तफावत असली तरी बिघडत नाही. अडतं ते ऐकायला कंटाळणाऱ्या माणसापाशी. नव्या माणसाला घेण्याआधी दोन बैठकांना नुसतं ऐकायला बोलवा. दुसऱ्याचं चालू असताना तो मोबाइल पाहतो की मान डोलावतो, यावरून निर्णय घ्या.

बैठकीचं वेळापत्रक कसं आखावं?

सहा जणांसाठी दीड तास असा वाटता येतो: पहिली १० मिनिटं चहा आणि ख्यालीखुशाली, मग १२ मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसून लिहिणं, त्यानंतर प्रत्येकाला १० मिनिटं, म्हणजे ४ मिनिटं वाचन आणि ६ मिनिटं प्रतिसाद. याचे ६० झाले. उरलेल्या ८ मिनिटांत पुढच्या वेळचा विषय आणि तारीख. वाचनाची ४ मिनिटं म्हणजे सावकाश वाचलं तर साडेचारशे ते पाचशे शब्द. याहून लांब मजकूर असेल तर तो दोन दिवस आधी पाठवावा आणि बैठकीत त्यातला एकच तुकडा वाचावा.

घड्याळ सांभाळायचं काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्या. एकाच माणसाकडे राहिलं की तो हळूहळू मास्तर होतो आणि बाकीचे विद्यार्थी.

पंधरा दिवसांतून एक बैठक सर्वांना झेपते. दर आठवड्याला ठेवली तर दुसऱ्या महिन्यात गळती लागते, महिन्यातून एकदा ठेवली तर एक चुकली की मधे साठ दिवस जातात आणि हात आखडतो.

काही जण परदेशात आहेत. वेळ कशी जुळवायची?

भारतातली रविवार रात्र ८:३० ही वेळ बऱ्याच गटांना सोयीची पडते. तेव्हा दुबईत संध्याकाळचे ७ असतात, लंडनला हिवाळ्यात दुपारचे ३ आणि उन्हाळ्यात ४, न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे १० आणि उन्हाळ्यात ११. सिडनीतल्या माणसासाठी मात्र ही मध्यरात्र उलटून गेलेली वेळ. तिथलं कोणी असेल तर भारतातली रविवार सकाळ ७:३० घ्या, सिडनीला दुपारचे १२ किंवा १ वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कला शनिवारी रात्रीचे ९ किंवा १०. लंडनचा माणूस तेव्हा गाढ झोपेत असणार, म्हणून लंडन आणि सिडनी दोन्ही असलेल्या गटाने वेळ आलटून पालटून ठेवावी.

गोंधळ होतो तो मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मागे येताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणून निरोप पाठवताना नेहमी भारतीय वेळ लिहा आणि बाकीच्यांनी आपापली मोजावी.

समोर कागद आहे, पण काही सुचतच नाही. काय करावं?

बारा मिनिटांच्या लेखनाला तीनच नियम ठेवा. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही. सुचलं नाही तर ‘काही सुचत नाही’ हेच लिहीत राहायचं. चौथ्या-पाचव्या ओळीला मनच कंटाळून दुसरं काहीतरी पुढे करतं. पहिल्या तीन मिनिटांत जे येतं ते बहुधा सगळ्यांचं सारखंच असतं, लिहिणाऱ्याचं स्वतःचं असं नंतर उतरतं. म्हणूनच पाच मिनिटं अपुरी पडतात, आणि वीस मिनिटांत नवखा माणूस दमतो.

हे लेखन वाचून दाखवणं ऐच्छिक ठेवा. ‘आज नाही वाचत’ एवढं म्हटलं की पुरे, कारण विचारायचं नाही. वाचायचंच आहे हे माहीत असलं की माणूस पहिल्या ओळीपासून सजवून लिहायला लागतो.

विषय कसे निवडावेत?

हातात धरता येईल, वास घेता येईल असा विषय द्या. ‘आई’, ‘पाऊस’, ‘मैत्री’ असे विषय दिले की शाळेतला निबंध बाहेर येतो. त्याऐवजी ‘माळ्यावरची ट्रंक’, ‘पाहुणे आले आणि सिलिंडर संपला’, ‘एसटीच्या खिडकीतून दिसलेला एक माणूस’, ‘घरातलं कुलूप नसलेलं कपाट’, ‘दुरुस्तीला टाकलेली आणि परत न आणलेली वस्तू’ असं काही सांगा. बंधन घातलं तरी लिहिणं सुटतं: एकही विशेषण न वापरता स्वयंपाकघराचं वर्णन, किंवा फक्त संवादांतून एक भांडण ज्यात भांडणाचं खरं कारण कोणी उच्चारत नाही. चिठ्ठ्या लिहून डब्यात ठेवा, प्रत्येकाने महिन्याला दोन टाकाव्यात. वर्षभर पुरतात.

कोणी वाचून दाखवलं की ‘छान’ सोडून काय बोलावं ते सुचत नाही.

‘छान’, ‘मस्त’, ‘अप्रतिम’, ‘डोळ्यांत पाणी आलं’. हे शब्द मनापासून येतात, तरी लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. काय छान होतं हे त्याला कळत नाही, मग पुढच्या वेळी नेमकं तेच कसं करायचं? शिवाय सगळ्यांनाच ‘छान’ म्हटलं जातं हे तिसऱ्या बैठकीपर्यंत लक्षात येतं आणि त्या शब्दाचं वजन जातं. गाण्याच्या बैठकीत जाणकार श्रोता नेमक्या जागेवर दाद देतो, समेवर मान हलवतो, आणि गाणाऱ्याला कळतं की ही जागा पोचली. लिहिणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं.

आधी वाचणाऱ्याचा एक शब्द किंवा वाक्य त्याला जसंच्या तसं परत ऐकवा. ऐकताना हातात कागद ठेवा आणि कान टवकारले तिथले शब्द टिपून घ्या, नाहीतर वाचन संपेपर्यंत ते निसटतात. मग त्या वाक्याने तुमच्यात काय घडलं ते सांगा: काय दिसलं, काय आठवलं, कुठे श्वास रोखला गेला. शेवटी, जमलं तर, ते कशामुळे घडलं याचा अंदाज करा.

समजा कोणी हे वाचलं: ‘निवृत्त झाल्यावरही बाबा रोज ७:४२ च्या लोकलच्या वेळेला दाराशी जाऊन चपला सरळ करून ठेवत. त्यांना फार एकटं एकटं वाटे.’

‘खूप हृदयस्पर्शी’ हा प्रतिसाद फुकट गेला. ‘चपला सरळ करून ठेवत, तिथे मला ते दारात उभे असलेले दिसले. ७:४२ हा आकडा असल्यामुळे त्यांची इतक्या वर्षांची धावपळ कळली, नुसतं सकाळी म्हटलं असतं तर कळली नसती.’ हा प्रतिसाद लिहिणाऱ्याच्या कामाचा आहे. आकड्याची, वस्तूची ताकद त्याच्या लक्षात येते आणि पुढच्या लेखनात तो ती शोधायला लागतो. त्याच दमात हेही सांगता येतं: ‘मग पुढच्या एकटेपणाच्या वाक्याची मला गरजच वाटली नाही, कारण तो एकटेपणा मला आधीच कळला होता.’ म्हणजे सुधारणाही सांगून झाली, आणि ती कौतुकातून निघाल्यामुळे बोचली नाही.

प्रत्येकाने मिनिटभरात एवढं एकच नीट सांगावं. पाच जणांनी मिळून लेखकाला पाच जागा दाखवल्या की त्याला घरी न्यायला पुष्कळ झालं. दोघांना एकच वाक्य आवडलं असेल तर दुसऱ्यानेही ते जरूर सांगावं. ‘माझं तेच जे हिचं’ यालाही अर्थ आहे.

वाचणाऱ्याने काय करावं?

वाचायच्या आधी माफी मागू नये. ‘घाईत लिहिलंय, काही खास नाही’ असं म्हटलं की ऐकणारे सांत्वनाच्या तयारीला लागतात आणि मजकूर बाजूला राहतो. प्रतिसाद चालू असताना बोलू नये, ‘तिथे मला असं म्हणायचं होतं’ हे तर नाहीच. म्हणायचं होतं ते कागदावर आलं की नाही, एवढंच इथे कळणार आहे, आणि तुम्ही समजावून सांगितलंत तर तेही कळायचं बंद होतं. सगळ्यांचं झाल्यावर एक मिनिट तुमचं.

वाचनाआधी मात्र एक गोष्ट सांगावी: कसला प्रतिसाद हवा. तीन पायऱ्या पुरतात. ‘नुसतं ऐका’, ‘काय पोचलं ते सांगा’, ‘जे खटकलं तेही सांगा’. पहिले तीन महिने सगळ्यांनी दुसऱ्या पायरीवरच थांबावं, असं आमचं ठाम मत आहे. तेवढ्या काळात एकमेकांचा कान कळतो, मग टीकाही ऐकू येते.

पण खरोखर आवडलं नाही तर? खोटं कौतुक करायचं का?

नाही. खोटं कौतुक लगेच कळतं आणि मग खऱ्यावरही विश्वास बसत नाही. मात्र जे लिहून झालंय त्यात पोचलेली एक जागा शोधणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे. एखादं क्रियापद, एखादं नाव, संवादातली एक ओळ, काहीतरी असतंच. ती सापडेपर्यंत खटकलेल्याबद्दल बोलू नका.

खटकलेलं सांगताना निकाल देऊ नका, तुमचं काय झालं ते सांगा. ‘मधला भाग रटाळ आहे’ हा निकाल झाला. ‘लग्नाच्या याद्या सुरू झाल्या तेव्हा माझं लक्ष गेलं आणि काका परत आले तेव्हा परत आलं’ ही माहिती झाली, आणि ती कोणी खोडून काढू शकत नाही. न कळलेलं प्रश्नाच्या रूपात विचारा: ‘ती चिठ्ठी तिने वाचली का? मला नक्की कळलं नाही.’ आणि ‘मी असतो तर असं लिहिलं असतं’ हे वाक्य गटातून हद्दपार करा. दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी हलवण्यासारखं आहे ते.

आम्ही जुने मित्र आहोत, त्यामुळे स्पष्ट बोलायला संकोच होतो.

मैत्री जुनी असेल तर दोन धोके असतात. एक म्हणजे सगळं गोड बोलणं, दुसरा म्हणजे थट्टा. ‘आला बघा आमचा महाकवी’ हे कट्ट्यावर प्रेमाने म्हटलं जातं, पण वाचायला उभ्या राहिलेल्या माणसाचा त्याने आवाज बसतो. बैठकीपुरती थट्टा बंद, बाहेर हवी तेवढी करा. संकोच घालवायला पहिल्या काही बैठकांत चिठ्ठ्यांवर नाव न घालता मजकूर गोळा करा आणि तो दुसऱ्या कोणीतरी वाचावा. कोणाचं आहे हे माहीत नसलं की माणसं मजकुराबद्दल बोलतात.

कोणी फार खासगी, दुःखाचं वाचलं तर?

आधी गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता खूप वाटते, पण ती हवी असते. मग ‘वाचून दाखवलंस, बरं वाटलं’ इतकं म्हणा आणि नेहमीप्रमाणे शब्दांबद्दल बोला. स्वतःचं तसंच दुःख सांगायला घेऊ नका, सल्ला देऊ नका. लिहिणाऱ्याने ते लिहून आणलंय, म्हणजे त्याला ते लेखन म्हणून ऐकलं जायला हवंय.

लेखनातल्या ‘मी’ला लेखक समजायचं नाही, हा नियम कायमचा. ‘मग तुझा नवरा काय म्हणाला?’ असं एकदा विचारलं गेलं की ती बाई पुन्हा मोकळेपणी कथा लिहिणार नाही. ‘कथेतला नवरा’ म्हणा. आणि बैठकीत ऐकलेलं बैठकीबाहेर जात नाही, घरच्यांपाशीसुद्धा नाही.

एखाद्याच्या लेखनातून जीव नकोसा झाल्याचं वारंवार जाणवलं तर मात्र हा नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी त्याच्याशी एकांतात, सरळ शब्दांत बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. गट हा मित्रांचा आहे, उपचार करणाऱ्यांचा नाही, आणि हे कळणं हीसुद्धा मैत्रीच.

शुद्धलेखन कोणी आणि कधी तपासायचं?

बैठकीत कधीच नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या धाकाने लिहिणं सोडलेली माणसं आपल्याकडे फार आहेत, त्यांच्यासाठी तर गट हवा. मजकूर बाहेर द्यायचा असेल तेव्हाच शेवटचा हात फिरवा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत, १४ १९६२ चे आणि ४ १९७२ चे. त्यातले दोन पाठ केले तरी पुष्कळ चुका जातात. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे, जसं पाटी, पेरू, कवी. ‘आणि’, ‘नि’ आणि ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी संस्कृत अव्ययं हे अपवाद. दुसरं म्हणजे अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ इकार-उकार विभक्तीचा प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: वकील पण वकिलाला, फूल पण फुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र दीर्घच राहतात, जसं शरीर, शरीराला.

नियमात बसूनही खटकणारी एक गोष्ट म्हणजे ‘केलं’ आणि ‘केले’ यांची सरमिसळ. निवेदन एका रूपात आणि संवाद दुसऱ्यात असेल तर उत्तम, एकाच परिच्छेदात दोन्ही आली की वाचणारा अडखळतो.

मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा घरातल्या बोलीत कोणी लिहिलं तर ते ‘सुधारू’ नका. ती चूक नव्हे. शब्द कळला नाही तर अर्थ विचारा, गटाला एक शब्द मिळाला.

मोबाइलवर मराठी लिहिताना ‘ऱ्या’ उमटत नाही.

कळफलकात भाषा म्हणून मराठीच जोडा. हिंदी कळफलकावर मराठी लिहिलं की शब्दसूचना हिंदी येतात आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या एकच झाले तर अर्थाचं काय होणार? तसंच आचाऱ्याचा आचार्य होतो. संगणकावर इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या पद्धतीत शिफ्टसह J ही कळ दाबली की ऱ येतो, त्यानंतर D दाबून हलन्त आणि मग य. ळ साठी शिफ्टसह N.

जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून मगच पाठवा, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. टंकायचा कंटाळा असेल किंवा बोटं दुखत असतील तर बोलून लिहा. फोनला मराठी बोललेलं बऱ्यापैकी कळतं, विरामचिन्हं तेवढी नंतर घालावी लागतात.

एकाने लिहिणंच थांबवलंय. त्याला परत कसं आणावं?

‘कुठे गायब?’ असं सर्वांदेखत विचारू नका. अपराधी वाटून तो आणखी लांब जातो. एकट्याला निरोप पाठवा आणि त्यात त्याच्या जुन्या लेखनातली एक ओळ घाला: ‘तुझ्या त्या कथेतला रद्दीवाला परवा आठवला.’ लिहिण्याचा आग्रह त्यात नको. मग नुसतं ऐकायला बोलवा. सलग दोन महिने लिहिलं नाही तरी गटातली जागा राहते, हे नियमातच लिहून ठेवा. बाळंतपण, बदली, घरातलं आजारपण, परीक्षा यांनी लिहिणं थांबतंच. ऐकणारा म्हणून आलेला माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या बैठकीला खिशातून कागद काढतो.

एकजण सगळा वेळ बोलतो.

प्रतिसाद गोलाकार घ्या, प्रत्येकाला एक मिनिट, आणि बोलक्या माणसाकडे घड्याळ द्या. एवढ्याने भागलं नाही तर दोघांनी मिळून त्याला बाजूला घेऊन सौम्यपणे सांगावं.

कोणाची कथा दिवाळी अंकात आली आणि गटात ताण आला. काय करावं?

हेवा वाटतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्याचं छापून आलं त्याला गटातच सगळ्यात गार प्रतिसाद मिळावा, यासारखं वाईट नाही. पुढच्या बैठकीत पहिली १० मिनिटं त्या कथेसाठी ठेवा, पेढे खा, आणि मग नेहमीचं लेखन सुरू करा. पुढच्या वेळी त्याचं वाचन इतरांइतकंच, ४ मिनिटं.

ज्यांना पाठवायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच: अंकांचं काम दिवाळीच्या बरंच आधी सुरू होतं, त्यामुळे कथा जून-जुलैपर्यंत तयार हवी. एका वेळी एकाच अंकाला पाठवावी, शब्दमर्यादा पाळावी, स्वतःकडे प्रत ठेवावी. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर ते गटाला सांगावं. नकार मोकळेपणी सांगता येणाऱ्या गटात हेवाही कमी असतो.

माझं लेखन गटातून कोणी नाव काढून पुढे पाठवलं तर? आणि दोघांनी एकाच विषयावर लिहिलं तर चोरी होते का?

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहून होताक्षणी हक्क लिहिणाऱ्याचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. हक्क कल्पनेवर नसतो, शब्दांत मांडलेल्या रूपावर असतो. म्हणून एकाच ट्रंकेवर सहा जणांनी लिहिलं तर ती चोरी होत नाही, उलट तीच गंमत आहे. प्रत्येक मजकुराखाली नाव, तारीख आणि ‘लेखकाला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये’ ही ओळ घाला. मजकुरापासून वेगळी चौकट केली तर नाव सहज कापलं जातं, म्हणून शेवटच्या परिच्छेदाला लागूनच लिहा.

यंत्राकडून लिहून घेतलेलं आणलं तर चालेल?

टंकलेखनातल्या चुका शोधायला मदत घेतली तर हरकत नसावी. मजकूरच तिथून आणला तर दाद कोणाला द्यायची? लिहिण्यातला आनंदही हातून गेला आणि मित्रांना तुमचा आवाजही ऐकू आला नाही.

वर्षाच्या शेवटी काही हाती लागावं असं वाटतं.

छोटा अंक काढा. शाळा-कॉलेजांत हस्तलिखितं निघायची, तसाच, फक्त गटापुरता. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडे दिवाळीला वाचण्याची चाल पडली, तेव्हा मुहूर्त दिवाळीचाच धरा.

हिशेब असा. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, ८ कागदांची ३२. बारा पॉइंट अक्षरात अशा एका पानावर साधारण दोनशे शब्द बसतात. सहा जणांनी प्रत्येकी ९०० शब्द दिले तर २७ पानं भरली, उरलेल्या पाचांत नावाचं पान, अनुक्रमणिका, मनोगत आणि एखादं चित्र. पानांची संख्या चारने भागली जायलाच हवी, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात. छापताना ‘बुकलेट’ हा पर्याय निवडा, दोन्ही बाजूंनी, कागद लांब कडेवर नव्हे तर लहान कडेवर उलटणारा. घडीच्या बाजूला दीड सेंटिमीटर समास सोडा, त्याहून कमी सोडला तर अक्षरं घडीत जातात. मुखपृष्ठासाठी जाड कागद वेगळा घ्या. मधोमध दोन पिना मारायला लांब दांड्याचा स्टेपलर लागतो, तो झेरॉक्सच्या दुकानात बहुधा असतो.

मुद्रितं तपासायची ती एकमेकांची. स्वतःच्या मजकुरातली चूक डोळा आपोआप दुरुस्त करून वाचतो. आधी एकच प्रत काढून ती दुमडून, पान उलटून पाहा, क्रम बरोबर असेल तरच बाकीच्या काढा. गटात जितकी माणसं तितक्या प्रती, आणि दोन जास्त: एक पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या माणसासाठी, एक त्याच्यासाठी जो यंदा लिहू शकला नाही.